वसंतांतील अहेरी : एका वनमय जमीनदारीचा परिचय

विषयप्रवेश

विदर्भांतील इतिहासस्थळें पाहूं इच्छिणारा गृहस्थ बहुधा दगडाच्या वाटेनें जातो. चंद्रपूरचा परकोट व त्याच्या वेशींवरील हत्तीस नमविणारा सिंह, बल्लारपूरचा वर्धाकांठचा किल्ला, भांदकचीं लेणीं, वैनगंगेवरील मार्कंड्याचीं देवळें, इतकीं स्थळें पाहिलीं म्हणजे या प्रांताच्या पूर्वेतिहासाचा परिचय झाला, असें त्यास वाटतें. वैनगंगा ओलांडून पुढें गेलें असतां कोरीव दगड विरळ होतात व अरण्य दाट होतें. तेथून तो माघारी फिरतो. परंतु अरण्यांत इतिहास नाहीं असें नव्हे. तो निराळ्या साधनांत सांठविलेला आहे, इतकेंच. वाटा व उतार, तलावांच्या पाळी, झाडांची वहिवाट, देवांचे डोंगर आणि गांवांचीं नांवें हीं त्याचीं साधनें होत. हीं साधनें वाचण्यास कागदपत्रांपेक्षां अधिक सवड लागते, आणि ती सवड विशिष्ट ऋतूंतच फलद्रूप होते.

या दृष्टीनें अभ्यासण्याजोगें उत्तम उदाहरण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यांतील अहेरी. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतील जमीनदाऱ्यांत ही सर्वांत मोठी. तिचा विस्तार अडीच हजार चौरस मैलांहून अधिक होता, आणि त्याचा बहुतेक भाग डोंगराळ व वनाच्छादित. फाल्गुनाच्या उत्तरार्धापासून गुढीपाडव्यापर्यंतचे दिवस आम्ही या प्रदेशांत सावकाश घालविले. सुटीचे दिवस असल्यामुळें घाई नव्हती; ज्या गांवीं मन रमलें तेथें दोन दिवस राहिलों. त्या प्रवासांत जें दिसलें व पूर्वीं जें वाचलें होतें, त्यांची सांगड घालून या जमीनदारीचें स्वरूप वाचकांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

प्रदेश व मार्ग

चंद्रपुराहून बल्लारपूर, गोंडपिपरी व आष्टी यांवरून अहेरीस जातां येतें. आष्टी वैनगंगेवर आहे. तेथून थोडें खालीं चपराळ्यानजीक पश्चिमेकडून आलेली वर्धा व उत्तरेकडून आलेली वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता हें नांव सुरू होतें. प्राणहितेच्या डाव्या तीरानें दक्षिणेस उतरत गेलें असतां अहेरी लागते. पुढें सिरोंच्याजवळ ही नदी गोदावरीस मिळते. अहेरीपासून दोन कोसांच्या आंत आलापल्ली हें सागवानासाठीं प्रसिद्ध असलेलें ठिकाण आहे. तेथें वाट फुटते. एक वाट एटापल्लीकडे व सुरजागडाच्या डोंगरांकडे जाते. दुसरी भामरागडाकडे, जेथें पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावतीपलीकडे बस्तर.

१९८२ सालीं ऑगस्टच्या २६ तारखेस चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा निराळा झाला, आणि अहेरीचा सर्व मुलूख नव्या जिल्ह्यांत आला. ग्रामनामांकडे लक्ष दिल्यास या प्रदेशाची घडण चटकन् ध्यानांत येते. आलापल्ली, एटापल्ली, नागेपल्ली या नांवांतील 'पल्ली' तेलुगूची साक्ष देते. डोंगरांच्या आंत गेलें कीं माडिया गोंडांची बोली ऐकूं येते. बाजारांत मराठी चालते. तीन भाषांच्या सीमा जेथें एकमेकींत मिसळतात तेथें सत्तेच्या सीमाहि काटेकोर नसणार, हें अनुमान येथील इतिहासानें खरें ठरविलें आहे.

ऋतूचें साहाय्य

अहेरीस जावयाचें तर दसऱ्यास जावें, असें पुष्कळ लोक सांगतात. तेथील राजघराण्याचा दसरा पाहण्याजोगा आहे, यांत शंका नाहीं. परंतु दसऱ्यास दरबार दिसतो, वन दिसत नाहीं. पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला म्हणजे भामरागडाचा संबंध तुटतो. त्यानंतर कित्येक महिने गवत माणसाच्या उंचीचें असतें. फाल्गुनांत मात्र सागाचीं व इतर झाडांचीं पानें गळतात, गवत जळून किंवा कापून जातें, आणि जमिनीचा आकार उघडा पडतो. डोंगराच्या सोंडेवरील दगडांची रांग निसर्गाची कीं माणसानें रचलेली, हें या दिवसांत दुरूनहि ओळखतां येतें. नद्यांचें पाणी उतरल्यामुळें जुने उतार कोठें असले पाहिजेत, हें दिसतें. आणि जुने उतार सांपडले कीं जुने मार्ग सांपडतात.

दुसरा लाभ माणसांचा. या दिवसांत मोहाचीं फुलें पडूं लागतात. पहाटे कुटुंबेंच्या कुटुंबें टोपल्या घेऊन रानांत जातात. झाडाखालचा पाचोळा आधींच जाळून जागा साफ केलेली असते. फुलें वेंचण्याचें काम उन्हें चढेपर्यंत चालतें व नंतर मंडळी सावलींत विसांवतात. प्रश्न विचारण्यास व उत्तर ऐकण्यास याहून चांगली वेळ नाहीं. आम्हीं एका ठिकाणीं सहज विचारलें कीं, रानांतील हें झाड कोणाचें? उत्तर तत्काळ मिळालें. कोणतें झाड कोणत्या घराचें, तें आजोबांकडून कसें आलें, वांटणींत भावाकडे कोणतें गेलें, हें सर्व मुखोद्गत होतें. वनखात्याच्या नकाशावर ती जागा केवळ एक कप्पा आहे. वेंचणाऱ्यांच्या मनांत तेथें एक संपूर्ण वतनपत्रक आहे. नवें फळ वा फूल घरीं खाण्यापूर्वीं गांवानें मिळून 'पंडुम' साजरा करावयाचा, हा माडियांचा शिरस्ताहि याच व्यवस्थेचा भाग आहे. देवास नैवेद्य होईपर्यंत कोणीहि तोडणी करावयाची नाहीं, या नियमानें कच्चीं फळें झाडावर राखलीं जातात.

वैशाखांत येथें जाऊं नये. ऊन असह्य होतें, आणि तेंदूपानांचा हंगाम सुरू झाल्यावर कोणास बोलण्यास उसंत नसते.

जमीनदारीची घडण

जमीनदार म्हटलें कीं, शेतसारा गोळा करणारा मोठा भूस्वामी डोळ्यांपुढें येतो. चांद्याच्या पूर्वेकडील जमीनदार या अर्थाचा नव्हता. चांद्याच्या गोंड राजांनीं रान तोडून गांव वसविणारास तें गांव व तलाव बांधणारास त्याखालील जमीन सवलतीनें देण्याचा प्रघात पाडला. परंपरा या धोरणाचें श्रेय हीरशहास देते. तलावासाठीं दिलेल्या अशा जमिनीस 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहराची तुकूम नांवाची वस्ती आजहि तो शब्द सांभाळून आहे. मैदानांत अशा देणग्यांतून गांवें वाढलीं. डोंगरांत मात्र शेतीपेक्षां वाटांचें रक्षण, सरहद्दीची राखण व वेळप्रसंगीं माणसांचा पुरवठा यांस महत्त्व होतें. म्हणून तेथें राजानें आपले सोयरे वा स्थानिक नाईक यांच्याकडे मुलूखच्या मुलूख सोंपविले. अहेरीचें घराणें चांद्याच्या राजघराण्याशीं रक्तसंबंध सांगणारें असल्यानें जमीनदारांत त्याचा मान पहिला होता.

१७५१ सालीं नीळकंठशहाचें राज्य रघूजी भोसल्यांनीं घेतलें. परंतु नागपूरकरांचा अंमल मैदानांत जितका बसला तितका या डोंगरांत बसला नाहीं. 'टाकोळी' नांवाची ठरीव रक्कम मिळाली कीं ते संतुष्ट असत. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं चांद्याचा किल्ला हल्ला करून घेतला व १८३० पर्यंत जिल्ह्याचा कारभार पाहिला; पुढें १८५३ त तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर सबंध नागपूर राज्यच खालसा झालें. तेव्हां या डोंगरी सरदारांचा दर्जा कोणता, हा प्रश्न उभा राहिला. रिचर्ड टेम्पल यांनीं १८६३ सालीं मध्यप्रांतांतील जमीनदाऱ्या व लहान संस्थानें यांविषयीं अहवाल तयार केला आणि त्या सुमारास सर्वांची वर्गवारी झाली. कांहींस मांडलिक संस्थानिक मानलें, बाकीचे इंग्रजी मुलखांतील जमीनदार ठरले. बस्तर व कांकेर पहिल्या वर्गांत गेलीं. अहेरी दुसऱ्यांत राहिली.

या वर्गवारीचा परिणाम इतिहासाच्या साधनांवर किती झाला, याकडे सहसा लक्ष दिलें जात नाहीं. इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर झाडें तींच, माणसें तींच, देव तेच. परंतु पलीकडचें बस्तर संस्थान ठरल्यामुळें त्याचा निराळा कारभार, निराळे वार्षिक अहवाल व निराळा अभ्यास झाला. तेथें प्रशासक असलेल्या ग्रिग्सन यांनीं बस्तरच्या माडियांवर १९३८ त मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अलीकडच्या अहेरीस मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी-अहवालांत व १९०९ च्या जिल्हा गॅझेटियरांत कांहीं पानें मिळालीं. म्हणजे एका तीरावरच्या लोकांस ग्रंथ मिळाला, दुसऱ्या तीरावरच्यांस परिच्छेद. कागदांच्या विपुलतेवरून प्रदेशाचें महत्त्व ठरविणें किती फसवें आहे, याचें हें ठळक उदाहरण होय.

चांद्याच्या वीस जमीनदाऱ्यांत अहेरीखेरीज धानोरा, रांगी, खुटगांव, मुरमगांव, पळसगड, कोटगल इत्यादि लहानमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. त्यांतील कित्येकांचें उत्पन्न सामान्य मालगुजाराहूनहि कमी होतें. तरी गांवांत जमीनदाराची सत्ता ठेकेदार व पाटील यांच्या मार्फत चाले, आणि माडिया गांवांत गायता व पेरमा हे आपल्या परीनें जमिनीचा व देवाचा कारभार पाहत. पेंडा म्हणजे डोंगर-उतारावर रान तोडून, जाळून करावयाची फिरती शेती. ती कोणीं कोठें करावी हें या गांवकऱ्यांच्या संमतीनें ठरे. जमीनदाराचा हक्क त्याच्या वर होता, त्याच्या जागीं नव्हता. या दुहेरी रचनेकडे दुर्लक्ष केल्यास पुढील घटनांचा अर्थ लागत नाहीं. तसेंच या रचनेंत बेगार होती व दुर्बळांवर भार होता, हेंहि सांगितलें पाहिजे. वसंतांत रान रम्य दिसतें म्हणून जुनी व्यवस्था रम्य होती असें मानण्याचें कारण नाहीं.

१८५८ चा उठाव

अहेरीच्या इतिहासांतील सर्वांत वादग्रस्त प्रसंग १८५८ सालचा आहे. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांनीं गोंड व रोहिले जमवून त्या वर्षाच्या मार्चांत राजगड परगण्यांत उठाव केला. अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिलच्या रात्रीं प्राणहितेकांठीं चिंचगुंडी येथें तारायंत्र खात्याच्या तळावर त्यांच्या लोकांनीं हल्ला केला. त्यांत गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज कामगार-अधिकारी मारले गेले. तिसरा पीटर निसटला व त्यानें चांद्याचे अधिकारी कॅप्टन क्रिक्टन यांस वर्तमान दिलें. पुढें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांनीं बाबूरावांस पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केलें व १८५८ च्या ऑक्टोबरच्या २१ तारखेस चांद्यास त्यांस फांशी झाली. व्यंकटराव बस्तरांत गेले. तेथें १८६० त त्यांस अटक होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, व त्यांची अडपल्ली-घोटची जमीनदारी लक्ष्मीबाईंस बक्षीस मिळाली.

इंग्रज अधिकाऱ्यांनीं लक्ष्मीबाईंस राजनिष्ठ म्हटलें. पुढील काळांतील लेखकांनीं त्यांस फितूर ठरविलें. आमच्या मतें या दोन्ही शब्दांनीं प्रसंग उलगडत नाहीं. प्रदेश पाहिल्यावर तो थोडा अधिक उलगडतो. तारेचें काम नदीकांठच्या सखल पट्ट्यांत चाललें होतें, आणि त्या पट्ट्यास लागूनच पूर्वेस डोंगर व रान. हल्ला करून रानांत शिरणें सोपें. पाठलाग करणाऱ्यास मात्र वाटाड्या, पाणी व धान्य या तीनहि गोष्टी स्थानिक माणसाकडूनच मिळवाव्या लागत. त्यांत पुढें पावसाळा. चांद्याहून पाठविलेली फौज या मुलखांत एका मनुष्यास धरूं शकली नसती. तें काम जमीनदाराच्या पायदळ माणसांसच साध्य होतें. म्हणून क्रिक्टन यांस लक्ष्मीबाईंवर दडपण आणणें भाग पडलें. उलट, खालसा होऊन पांच वर्षेंहि न झालेल्या राज्यांत लक्ष्मीबाईंचा हक्क नव्या सरकारच्या मर्जीखेरीज कशावरहि उभा नव्हता. नकार दिला तर काय होतें हें व्यंकटरावांच्या उदाहरणानें पुढें सिद्धच झालें. यानें त्यांच्या कृत्याचें समर्थन होत नाहीं. परंतु टाकोळी देणाऱ्या जमीनदाराचें स्थान किती परावलंबी होतें, हें यावरून स्पष्ट होतें, आणि त्याच परावलंबनाविरुद्ध पंचविशींतल्या बाबूरावांनीं शस्त्र उचललें होतें.

चंद्रपूरच्या कारागृहांतील पिंपळापाशीं दरसाल २१ ऑक्टोबरला लोक जमतात. २००९ सालीं भारतीय टपाल खात्यानें बाबूरावांच्या नांवें तिकीट काढलें. ज्या माणसाची नोंद सरकारी अहवालांत दरोडेखोर म्हणून झाली, त्याची स्मृति दीडशें वर्षें लोकांच्या तोंडीं टिकली व शेवटीं सरकारी मुद्रेवर आली. मौखिक परंपरेस दुय्यम साधन समजणाऱ्या अभ्यासकांनीं याचा विचार करावा.

नदी, साग व लोखंड

वनांत बाहेरचें जग येत नव्हतें, ही समजूतहि अहेरींत टिकत नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धानें १८६१ ते १८६५ या काळांत विलायतेंतील गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडचा कापूस गोदावरींतून थेट समुद्रापर्यंत नेण्याच्या योजनेस जोर आला. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांतील तिसरा देवलमरीचा, म्हणजे अहेरीच्या मुलखांतील प्राणहितेवर. कर्नल हेग यांच्या देखरेखीखालीं बंधारे व कालवे यांचें काम चाललें. परंतु खर्च वाढत गेला, लोहमार्ग झपाट्यानें पुढें आले, आणि १८७१ सालीं काम सोडून देण्यांत आलें. उन्हाळ्याच्या आरंभीं प्राणहितेचें पात्र खडकांनिशीं उघडें पडतें, तेव्हां ही योजना कां आखली गेली व कां फसली, या दोहोंचें उत्तर एकाच दृष्टिक्षेपांत मिळतें. पात्र रुंद व मार्ग सरळ आहे. पाणी मात्र वर्षांतून थोडेच महिने पुरेसें असतें.

आलापल्लीच्या सागाची कीर्ति त्याहून जुनी व टिकाऊ. तेथील उत्तम सागवान सरकारनें राखून ठेवलें होतें. आज त्या मूळ अरण्याचा सहा हेक्टरांचा एक तुकडा 'वनवैभव' या नांवानें जपलेला असून २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्या सागांखालीं उभें राहिलें असतां आसपासच्या रोपवनांतील साग किती अल्पवयी आहेत हें कळतें. ऐन-इ-अकबरींत चांद्याच्या बाबाजी राजाच्या मुलखाचा उल्लेख आहे. वैरागडची हिऱ्यांची खाण व रानटी हत्ती यांची नोंद तेथें येते. पुढें येथून रानटी हत्ती नाहींसे झाले. कमलापुरास वनखात्याचे पाळीव हत्ती तेवढे राहिले. २०२१ सालीं छत्तीसगडांतून रानटी हत्तींचा एक कळप पुन्हां या जिल्ह्यांत उतरला, तेव्हां अबुल फजलाची ती ओळ अकस्मात् चालू वर्तमान झाली.

लोखंडाची कथा मात्र अद्यापि चालू आहे. चांद्याच्या लोखंडाविषयीं रिट्टर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ सालीं जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला व लोहाऱ्याच्या डोंगराकडे त्यांचें लक्ष गेलें. वीस वर्षांनीं त्यांच्या वतीनें वेल्ड हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ या जिल्ह्यांत आला. परंतु लोहाऱ्याचा सांठा पुरेसा नव्हता व वरोऱ्याचा कोळसा भट्टीस उपयोगी नव्हता. म्हणून शोध पूर्वेकडे सरकत जाऊन अखेर कारखाना साकची येथें उभा राहिला, ज्यास पुढें जमशेदपूर हें नांव मिळालें. चांद्याचें लोखंड तेव्हां डोंगरांतच राहिलें.

आतां तें निघूं लागलें आहे. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडाच्या डोंगरावर सुमारें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ सालीं दिला गेला. २०१६ त उत्खनन सुरू झालें, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नक्षलवाद्यांनीं तेथील सुमारें ऐंशीं वाहनें जाळलीं, आणि २०२१ नंतर काम मोठ्या प्रमाणावर चालू झालें. परंतु हाच डोंगर माडियांच्या ठाकुरदेवाचा आहे. दर जानेवारींत तेथें यात्रा भरते; आसपासच्या इलाख्यांतलीच नव्हे, तर छत्तीसगड व तेलंगणांतूनहि माणसें येतात. जुन्या गढीचे अवशेष याच डोंगरावर असल्याचें लोक सांगतात, व बाबूरावांच्या आठवणींहि त्याच्याशीं जोडल्या जातात. आम्हीं डोंगर पायथ्याकडून पाहिला. माथ्यावर गेलों नाहीं. पळसाच्या तांबड्या फुलोऱ्यामागें उघड्या पडलेल्या मातीचा तितकाच तांबडा पट्टा दिसतो व रस्त्यानें खनिजाच्या गाड्या एकीमागून एक उतरत असतात.

खाण असावी कीं नसावी, याचा निवाडा करणें या त्रैमासिकाचें काम नव्हे. तिनें कांहीं घरांत पगार आला आहे व कांहीं गांवांत दुःख झालें आहे. दोन्ही गोष्टी आम्हांस तेथील लोकांनींच सांगितल्या. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें एक गोष्ट निर्विवाद आहे. देऊळ पडलें तर शिल्पें उचलून वस्तुसंग्रहालयांत ठेवतां येतात, कागद फाटला तर नक्कल राहूं शकते. पण जेथें डोंगर हाच दस्तऐवज आहे, तेथें डोंगर कापला गेला कीं नक्कल उरत नाहीं. तेथील प्रत्येक सोंडेस, झऱ्यास व खिंडीस नांव आहे. तीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत.

निस्तार व त्याचें पुनरुज्जीवन

१९५० च्या मालकीहक्क-निर्मूलनाच्या कायद्यान्वयें १९५१ च्या मार्चअखेर मध्यप्रदेशांतील जमीनदाऱ्या संपल्या, व अहेरीचीं अरण्यें सरकारजमा झालीं. राजवाडा व घराण्याचा मान राहिला. या घराण्यांतील विश्वेश्वरराव आत्राम १९७७ सालीं लोकसभेवर निवडूनहि गेले. पण ज्या प्रश्नाचें महत्त्व जनतेस अधिक होतें तो निराळा होता: जमीनदार गेल्यावर लोकांच्या निस्ताराचें काय?

निस्तार म्हणजे गांवानें रानांतून जळण, बांबू, गवत, फळें-फुलें व चराई घरच्या गरजेपुरती घेण्याचा हक्क. मध्यप्रांतांत जमाबंदीच्या वेळीं प्रत्येक गांवचा 'वाजिब-उल्-अर्ज' तयार होई, त्यांत असे रिवाज नोंदलेले असत. वरवर शुष्क वाटणारा हा कागद या प्रदेशाच्या इतिहासाचें अत्यंत मोलाचें साधन आहे. कारण राजाच्या सनदेंत राजा दिसतो, वाजिब-उल्-अर्जांत गांव दिसतें. अरण्यें सरकारकडे गेल्यावर या हक्कांस उत्तरोत्तर संकोच होत गेला. पुढें २००६ सालीं वनहक्क कायदा झाला, आणि २००९ त धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास सुमारें अठराशें हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. ज्या धानोऱ्याचें नांव जुन्या जमीनदाऱ्यांच्या यादींत आहे, त्याच मुलखांत दीडशें वर्षांपूर्वींच्या निस्ताराचा धागा पुन्हां जोडला गेला, आणि तो जोडतांना जुन्या वहिवाटीचे पुरावे मोलाचे ठरले. इतिहासाचा कागद न्यायाच्या कामीं पडतो तो असा.

अभ्यासकांस सूचना

या प्रदेशांत जाऊं इच्छिणारांसाठीं थोडक्यांत कांहीं सूचना देऊन लेख संपवितों. जावयाचें तें फाल्गुनाच्या उत्तरार्धांत वा चैत्राच्या आरंभीं जावें, आणि आठ दिवसांहून कमी सवड असेल तर केवळ अहेरी व आलापल्ली एवढेंच पाहावें. १९८० नंतरच्या सशस्त्र चळवळीमुळें हा भाग दीर्घकाळ अशांत होता. म्हणून आंतील गांवीं जाण्यापूर्वीं स्थानिक अधिकारी व ग्रामसभा या दोघांसहि कळवावें. गांवांत शिरल्यावर प्रथम गायत्यास भेटावें. मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड पुष्कळ गांवांच्या वेशीवर दिसतात. विचारल्यावांचून त्यांस हात लावूं नये, छायाचित्रहि घेऊं नये. परवानगी मिळाल्यास कोणता दगड कोणाचा व किती पिढ्यांपूर्वींचा, हें टिपावें. गांव केव्हां वसलें याचा अंदाज त्यावरून करतां येतो.

टिपणांत चार गोष्टी अवश्य असाव्या: डोंगर, नाले व उतार यांचीं स्थानिक नांवें, जशीं ऐकलीं तशीं देवनागरींत, तलाव व त्यांच्या पाळी, कोणीं बांधिल्या या माहितीसह, मोहाचीं झाडें व त्यांची वांटणी, आणि देवांच्या इलाख्याच्या सीमा. यांपैकीं पहिली व शेवटची गोष्ट सुरजागडाच्या परिसरांत विनाविलंब झाली पाहिजे. तें काम दूरच्या संशोधकापेक्षां तेथील शाळांतील शिक्षक व विद्यार्थी अधिक चांगलें करतील, कारण बोली त्यांची आहे व डोंगर रोजच्या ओळखीचा आहे. अशा यादींस मुद्रणाचें स्थान देणें हें आपल्यासारख्या मंडळांचें कर्तव्य होय. राजांच्या वंशावळी आपण पुष्कळ छापल्या. आतां उतारांच्या व झऱ्यांच्या नांवांच्या वंशावळी छापण्याची वेळ आली आहे.